नव्या पीसीचा आवाज नॉर्मल कधी म्हणायचा आणि कधी नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही सेलूला असता, घर कापसाच्या जिनिंगच्या बाजूला, नुकताच असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे: आय५-१२४०० प्रोसेसर, त्याच्या डब्यात आलेलाच कूलर, एच६१० मदरबोर्ड, समोर काच आणि चार लाइटवाले फॅन असलेली कॅबिनेट, ५१२ जीबीची एनव्हीएमई (न फिरणारी, आवाज न करणारी ड्राइव्ह) आणि जुन्या मशीनमधून काढून लावलेली १ टीबीची हार्ड डिस्क. काम डीटीपीचं, आणि संध्याकाळी शाळेतल्या लेकरांसाठी धडे रेकॉर्ड करता. मशीन टेबलावर कोपराजवळ ठेवलंय, मोबाइलचं ॲप ४७ डेसिबल दाखवायलंय, मधेच फॅन एकदम पळतो आणि परत खाली येतो, रेकॉर्डिंगमध्ये बारीक घूंऽऽ येतंय, आणि दुकानदार म्हणायलाय की नवीन आहे, सेट होईल. हे नॉर्मल आहे का आणि लिक्विड कूलर टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी देऊन टाकतो. नॉर्मल नाही, पण मशीन खराब पण नाही. लिक्विड कूलर अजिबात टाकू नका. आणि फॅन काही सेट होत नसतो, जसा पहिल्या दिवशी वाजतो तसाच किंवा त्याहून जास्त वाजतो. दुकानदाराच्या बोलण्यात तथ्य एवढंच की नव्या विंडोजवर पहिले काही दिवस मागं बरंच काही चालू असतं, अपडेट, फायलींचं इंडेक्सिंग, अँटीव्हायरसचं स्कॅन, त्यामुळं तुम्ही काहीच करत नसताना पण फॅन पळतो, ते आपोआप कमी होतं. तेवढ्यावरून पहिल्या आठवड्यात मशीनला नावं ठेवू नयेत. पण तुमचा तो काळ सरलाय.

मी नांदेडला बरीच वर्षं मशीन जोडतोय आणि बिघडलेली उघडतोय, आणि आवाजाची तक्रार घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येकजण डेसिबलचा आकडा घेऊन येतो. माझ्या मते आकडा नंतर, आधी आवाज बदलतो कधी ते बघायचं. एकसारखा आवाज, मग तो थोडा मोठा का असेना, कान दोन मिनिटांत विसरतो, आणि रेकॉर्डिंगमधून तो काढता पण येतो. वर-खाली होणारा आवाज ना कान विसरतो ना सॉफ्टवेअरला नीट काढता येतो. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन करताना आपण काही सेकंद नुसत्या शांततेचा नमुना देतो ना, ते सॉफ्टवेअर असं धरून चालतं की पूर्ण रेकॉर्डिंगभर मागचा आवाज तोच आहे. मधेच फॅन पळाला की तो नमुना लागू होत नाही आणि मग तुमचाच आवाज पाण्याखालून बोलल्यागत यायला लागतो. म्हणून तुमच्या कामासाठी पहिलं टार्गेट हे की आवाज स्थिर झाला पाहिजे. कमी नंतर करू.

आता तो ४७ चा आकडा. मोबाइलचा माइक बोलणं पकडायला बनवलेला असतो, त्याला कॅलिब्रेशन नसतं, त्यामुळं एका फोनवर ४७ आणि दुसऱ्यावर ४१ असं सर्रास होतं, आणि ३० च्या खालचं तर बहुतेक फोनला कळतच नाही. तरी ॲप निरुपयोगी नाही, त्याच फोननं त्याच जागी फरक मोजायला ते चांगलं आहे. असं करा, सिलिंग फॅन बंद, खिडकी बंद, पीसी पूर्ण बंद, फोन तुमच्या डोक्याच्या जागी ठेवा आणि आकडा लिहून घ्या. मग पीसी चालू करून दहा मिनिटं तसाच राहू द्या, परत आकडा घ्या. डेसिबल सरळ वजा होत नसतात हे लक्षात असू द्या. खोलीचा आकडा ४० आणि पीसीसकट ४७ आला तर पीसीचा एकट्याचा साधारण ४६ आहे. पण खोलीच ४५ दाखवत असंल तर पीसीचा वाटा ४२-४३ च आहे. दोन्हीत दहा किंवा जास्तीचा फरक पडला तर खोलीचा विचार सोडूनच द्या, सगळा आवाज मशीनचा. अंदाज यावा म्हणून सांगतो, ध्वनी प्रदूषणाचे जे २००० सालचे नियम आहेत त्यात रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. म्हणजे काहीच काम न करता बसलेलं मशीन कानाशी ४६ देत असंल तर ते जास्तच झालं. माझ्या हिशोबानं साधं, नीट जोडलेलं ऑफिसचं मशीन निवांत असताना एक मीटरवरून ३२ ते ३८ मध्ये असावं, मन लावून बनवलेलं ३० च्या आत येतं. त्याच्या खाली पैसे घालण्यात आपल्याकडं अर्थ नाही, कारण बाहेरचं वातावरणच तेवढं शांत नसतं.

ब्रँडेड डेस्कटॉपच्या माहितीपत्रकात कधी कधी ३.५ बेल असं काहीतरी लिहिलेलं असतं, लोक ते वाचून गोंधळतात. एक बेल म्हणजे दहा डेसिबल, पण ती मशीननं बाहेर टाकलेली एकूण ध्वनिशक्ती असते, कानाशी पोचणारा दाब नाही. जमिनीवर ठेवलेल्या मशीनपासून एक मीटरवर दाबाचा आकडा साधारण आठनं कमी येतो. त्यामुळं ३.५ बेल वाचून ३५ डेसिबल ऐकू येईल असं समजू नका, तिथं २७ च्या आसपास यायला पाहिजे, मोकळ्या जागेत.

आता आवाज कुठून यायलाय ते शोधा. यासाठी काही विकत घ्यायला नको, पेपरची सुरळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक मशीनच्या एकेका भागाजवळ न्या, समोर, मागं वरती, खाली एसएमपीएसजवळ (मशीनला वीज पुरवणारा डबा), मग बाजूच्या जाळीवरून सीपीयूच्या कूलरजवळ. दोन मिनिटांत कळतंय. फॅनची पाती वाजत असली तर हूऽऽ असा वाऱ्याचा आवाज, बेअरिंग गेलं असलं तर खर्रखर्र, बोर्डावरची किंवा एसएमपीएसमधली कॉइल असली तर बारीक किर्रर्र, आणि तो किर्रर्र माऊसनं पान वरखाली केलं की बदलतो, त्यावरून लगेच ओळखू येतो. मग तळहात बाजूच्या पत्र्यावर दाबून धरा. दाबल्यावर आवाज गेला तर पत्राच वाजतोय, स्वस्त कॅबिनेटचा पत्रा इतका पातळ असतो की आतली हार्ड डिस्क त्याला हलवते. तुमच्या वर्णनावरून मला हे पण असणार असं वाटतंय, कारण ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते आणि तिची घरघर नेमकी त्याच १२० हर्ट्झला असते, पत्र्याला आणि लाकडी टेबलाला ती फार मानवते. ती डिस्क कॅबिनेटमधून काढा आणि यूएसबीच्या केसमध्ये घालून फक्त बॅकअपला वापरा, रेकॉर्डिंगच्या वेळी तिची वायरच काढून ठेवायची. जुनी डिस्क नव्या मशीनमध्ये कायमची जोडून ठेवणं तसंही मला पटत नाही, तिच्यातला डेटा एकाच जागी असला तर आज ना उद्या जातोच. काढायची नसंलच तर स्क्रूखाली रबराचे वॉशर द्या आणि मशीनच्या पायाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे दुहेरी करून ठेवा, फरक लगेच कळतो.

सुरळी लावल्यावर सगळ्यात मोठा आवाज समोरून यायलाय असं निघालं तर ते चार लाइटवाले फॅन आहेत. या किमतीच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये हे फॅन थेट एसएमपीएसच्या मोलेक्स पिनला जोडलेले असतात, म्हणजे १२ व्होल्टवर कायम फुल स्पीड, बोर्डाचा त्यांच्यावर काही कंट्रोलच नाही. तुम्ही बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंगचं पान) कितीही सेटिंग करा, हे तसेच पळणार. कॅबिनेटची बाजू उघडा, मशीन बंद करून आणि वायर काढून मगच, आणि बघा फॅनची वायर कुठं जाते. बोर्डावर गेली असली आणि कनेक्टर चार पिनी असला तर काम सोपं. मोलेक्सला गेली असली तर माझा सल्ला, ते चारही बाजूला ठेवा आणि १२० एमएमचे दोन किंवा तीन चारपिनी पीडब्ल्यूएम फॅन (बोर्डाला ज्यांचा वेग कमीजास्त करता येतो ते) घ्या. आर्क्टिकचे पी१२ आपल्याकडं मिळतात आणि चांगले आहेत, २०० ते १८०० आरपीएममध्ये कुठंही चालवता येतात. एच६१० च्या बऱ्याच बोर्डांवर कॅबिनेटच्या फॅनसाठी एकच हेडर (वायर खोचायची जागा) असतं, त्याला इंग्रजी वाय आकाराचा जोड लावून दोन-तीन फॅन एकत्र जोडायचे. हेडर साधारण एक अँपिअर देतं आणि साधा फॅन त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आतच घेतो, तेव्हा काळजी नाही. घेण्याआधी फॅनच्या लेबलवरचा अँपिअरचा आकडा मात्र वाचा.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण दुकानात उलटं सांगतात. दुकानवाला म्हणेल की दोन फॅन काढून टाका, आवाज निम्मा होतो. चार सारख्या फॅनमधले दोन बंद केले की मोजमापात फक्त तीन डेसिबल कमी होतात, कानाला तो फरक जेमतेम कळतो. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात. पण तेच फॅन १२०० वरून ८०० आरपीएमवर आणले की जवळपास नऊ डेसिबल उतरतात, आणि हवा फक्त एक तृतीयांश कमी होते. स्पीड निम्मा केला तर १५ डेसिबलच्या आसपास. म्हणून जास्त फॅन हळू चालवणं हे थोडे फॅन जोरात चालवण्यापेक्षा केव्हाही चांगलं. १४० एमएमचा फॅन बसत असंल तर अजून चांगलं, तीच हवा कमी फेऱ्यांत ढकलतो.

अजून एक, काही जणांना सगळं नीट करूनही वूंऽ... वूंऽ... वूंऽ असा लाटेगत आवाज येतो आणि ते फॅन खराब समजून बदलत बसतात. ते दोन फॅनच्या वेगातल्या किंचित फरकानं होतं. सात पात्यांचा फॅन १२०० आरपीएमवर असला की त्याची पाती सेकंदाला १४० वेळा एका जागेवरून जातात. शेजारचा १२१० वर असला तर १४१ वेळा. दोन सूर इतके जवळ आले की सेकंदाला एक अशी लाट ऐकू येते. उपाय एवढाच, एका फॅनचा वेग मुद्दाम शंभर-दीडशेनं बाजूला सरकवा. म्हणून मी पुढचे आणि मागचे फॅन कधी एकाच स्पीडवर ठेवत नाही.

आता ते मधेच पळणं. याचं कारण तुमचा प्रोसेसर आणि बायोस दोघं मिळून आहे. आय५-१२४०० ची बेस पॉवर ६५ वॅट आहे आणि टर्बोला, म्हणजे गरजेला वेग वाढवताना, ती ११७ वॅटपर्यंत जाते. कोरल किंवा इनडिझाइनमध्ये मोठी फाइल उघडली, पीडीएफ काढली, अगदी क्रोममध्ये जड पान उघडलं की प्रोसेसर एक-दोन सेकंदांसाठी उसळतो, चिपचं तापमान ५० वरून ७५ ला जातं, आणि डब्यातला कूलर छोटा, त्याचा फॅन पण छोटा, बोर्डाचं डिफॉल्ट सेटिंग तापमानामागं लगेच धावतं, म्हणून झूऽऽम करून वर जातो. काम संपलं, चिप थंड, फॅन खाली. परत पान उघडलं, परत वर. त्या एक-दोन सेकंदांच्या उसळीला घाबरायची काहीच गरज नाही, या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे आणि कूलरचं ॲल्युमिनियम तापायला पण वेळ लागतो. फॅनला थोडं दमानं घ्यायला सांगायचं, बस.

बायोसमध्ये जा, फॅनच्या कर्व्हचं, म्हणजे किती तापमानाला किती स्पीड ते ठरवायचं पान जवळजवळ प्रत्येक बोर्डात असतं, नाव वेगळं असंल. सीपीयूचा फॅन ६० अंशापर्यंत एकाच स्पीडवर सपाट ठेवा, ३५ टक्के म्हणा, जिथं तुम्हाला आवाज खटकत नाही तो स्पीड. ७० ला ५० टक्के, ८० ला ७५, ९० ला पूर्ण. आणि त्याच पानावर स्टेप अप टाइम किंवा डिले असं काही असतंय, ते वाढवा, म्हणजे तापमान वाढलेलं काही सेकंद टिकलं तरच फॅन हलेल. खाली येण्याचा वेळ अजून जास्त ठेवा. नुसत्या या बदलानं तुमचं पळणं बहुतेक थांबणार.

त्याच्या जोडीला पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरनं जास्त वेळ (लाँग) आणि थोडा वेळ (शॉर्ट) किती वॅट घ्यायचे ती मर्यादा. काही बोर्ड ११७ वॅट सोडतच नाहीत, धरूनच ठेवतात, एच६१० मध्ये पण बायोसमध्ये लाँग आणि शॉर्ट पॉवर लिमिट बहुतेक वेळा बदलता येतं. लाँग ६५ आणि शॉर्ट ८० करा. डीटीपीत तुम्हाला फरक जाणवणार नाही, व्हिडिओ रेंडर करत असाल तर थोडा जास्त वेळ लागेल तेवढंच. आणि रेकॉर्डिंगसाठी एक खास युक्ती, विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये एक वेगळा प्लॅन बनवा, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा. त्या एका टक्क्यानं टर्बो पूर्ण बंद होतो, प्रोसेसर २.५ गिगाहर्ट्झवर राहतो, आवाज रेकॉर्ड करायला तो भरपूर आहे. धडा रेकॉर्ड करायला बसताना हा प्लॅन लावा, झाल्यावर परत नेहमीचा. फॅन तासभर जागचा हलत नाही.

आता आपल्याकडची खरी परीक्षा, उन्हाळा. इंटरनेटवर जे कूलरचे आणि आवाजाचे आकडे बघता ते बहुतेक २०-२५ अंशाच्या खोलीतले असतात. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४४ ला टेकतोच, पत्र्याचं छत असलं तर दुपारी आतच ४० असतं. कूलर हवेचा असो की पाण्याचा, तो चिपचं तापमान खोलीच्या खाली नेऊ शकत नाही, तो फक्त खोलीपेक्षा किती वर राहायचं ते ठरवतो. समजा कामाच्या वेळी तुमची चिप खोलीपेक्षा ४५ अंशांनी वर राहते. डिसेंबरात खोली २२ असली तर चिप ६७, मेमध्ये खोली ४० तर चिप ८५. तेच मशीन, तोच कर्व्ह, हिवाळ्यात गप्प आणि उन्हाळ्यात बोंबलतंय, आणि माणसाला वाटतं मशीन जुनं झालं. म्हणून दिवाळीत मशीन घेणाऱ्यांना मी सांगतो की मत बनवायची घाई करू नका, मे जाऊ द्या, आणि फॅनचा कर्व्ह बसवताना वरची २५ अंशांची जागा उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. शांततेच्या नादात फॅन २५ टक्क्यांवर बांधून ठेवणारे लोक बघितलेत, त्यांचं मशीन मेमध्ये थ्रॉटल होतं, म्हणजे १०० अंशाला टेकून स्वतःच हळू पडतं, आणि बोर्डावरचे पॉवरचे भाग भाजत राहतात ते वेगळंच.

म्हणूनच लिक्विड कूलर नको म्हणतोय. ६५ वॅटच्या प्रोसेसरला त्याची गरज नाही, त्यात पंपाचा आवाज कायमचा वाढतो, पाइपात हवा अडकली तर गुळगुळ आवाज येतो, आणि पंप गेला तर सेलूत बसून तो कोण बघणार, वॉरंटीसाठी पाठवून महिनाभर मशीन बंद. त्याच्या निम्म्याहून कमी पैशात चार हीटपाइपवाला (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) १२० एमएमचा टॉवर कूलर मिळतो, डीपकूलचा एके४०० घ्या किंवा त्याच्या तोडीचा दुसरा, फक्त त्याची उंची तुमच्या कॅबिनेटमध्ये बसते का ते आधी मोजा. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलून तो बसवला की निवांत असताना सीपीयूचा आवाज ऐकूच येत नाही, आणि फॅन खराब झाला तर नुसता फॅन बदलता येतो. खर्च करायचाच असंल तर पहिला खर्च हा.

आणि तो खर्च करायच्या आधी कॅबिनेटची एक चाचणी करा. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात तापमान, फॅनची आरपीएम, प्रोसेसर किती वॅट खायलाय सगळं दिसतं. सिनेबेंच हे प्रोसेसरला पूर्ण ताण देणारं चाचणीचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा, तापमान लिहा. मग बाजूची काच किंवा पत्रा काढून तीच चाचणी परत. सहा-सात अंशांनी उतरलं तर तुमची कॅबिनेट गुदमरायलीय. समोर पूर्ण काच असलेल्या कॅबिनेटमध्ये हवा फक्त कडेच्या फटीतून आत येते, फॅन कितीही लावा, ते आतलीच गरम हवा घुसळत राहतात आणि वरून आवाज करतात. दिसायला सुंदर असतंय हे मान्य, लेकरांना तर लाइट फार आवडतात, पण आपल्या हवेला ही कॅबिनेट नाही. बदलून मिळत असंल तर समोर जाळी असलेली घ्या. मिळत नसंल तर काच आणि फ्रेममध्ये अर्ध्या इंचाचे रबराचे ठोकळे ठेवून फट वाढवणारे पण आहेत, मी स्वतः ते गिऱ्हाइकांना करून देतो आणि फायदा होतो.

जाळी म्हणलं की धूळ आली, आणि तुमच्याकडं नुसती धूळ नाही, कापूस. जिनिंग चालू झालं की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बारीक तंतू हवेत असतात. काळ्या मातीची धूळ आणि हे तंतू मिळून कूलरच्या पात्यांमध्ये करड्या रंगाची चटई बसते, सोललं तर अख्खं कापड निघावं तशी निघते, आणि वरून फॅन स्वच्छ दिसतो त्यामुळं कुणाला शंकाच येत नाही. फॅन काढला की खाली दिसते. ती बसली की फॅनला जोर लावावा लागतो आणि आवाज महिन्या-महिन्यानं चढत जातो. समोरच्या जाळीला चुंबकाचा फिल्टर लावा, आत हवा घेणारे फॅन बाहेर टाकणाऱ्यापेक्षा जास्त ठेवा म्हणजे फटीतून धूळ आत ओढली जात नाही, फिल्टर दर पंधरवड्याला नळाखाली धुऊन पूर्ण वाळवून परत लावा. आणि पूर्ण सफाई जिनिंगचा हंगाम संपल्यावर, उन्हाळा लागायच्या आधी एकदा करायचीच. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर ब्लोअरच्या जोरानं फॅन त्याच्या मर्यादेबाहेर फिरतो आणि बेअरिंग जातं.

डेझर्ट कूलर वापरत असाल, आणि परभणी जिल्ह्यात कोण वापरत नाही, तर त्यानं खोली थंड होते ते पीसीला चांगलंच आहे, पण त्याचा झोत थेट मशीनवर नको. आपलं बोअरचं पाणी जड, त्याचे बारीक तुषार बोर्डावर पांढरे डाग सोडतात. आणि कूलर चालू असताना पीसीचा आवाज ऐकूच येत नाही, तेव्हा उन्हाळ्यात रेकॉर्डिंग पहाटे करा, खोली थंड असते, कूलर बंद ठेवता येतो आणि मशीन पण गप्प असतं.

आता तुमचा घूंऽऽ. हा बहुतेक फॅनचा नाहीच. हेडफोन लावून ऐका, पंख्याचा वाऱ्यासारखा आवाज असंल तर फॅन, पण एकच खर्जातला सूर असंल तर तो विजेचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, माइकच्या वायरमधून तो सूर ५० किंवा १०० हर्ट्झला शिरतो, आणि त्याचं मूळ घरच्या अर्थिंगमध्ये असतं. अनवाणी उभं राहून उलट्या हातानं कॅबिनेटच्या स्क्रूला स्पर्श केला तर झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही हे पक्कं समजा. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोघांकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थ मोकळी असली की कॅबिनेट अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी कमी असतो, पण माइकला तेवढा पुरतो. बऱ्याच घरांत थ्रीपिन सॉकेटचं वरचं भोक नुसतं शोभेला असतं, मागं वायरच नसते. वायरमनला बोलवून फेज आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावायला सांगा, २३० च्या जवळ दाखवलं पाहिजे. अर्थिंगचा खड्डा असंल तर काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं, त्यात पाणी घालत राहावं लागतं. आणि हात जोडून सांगतो, कुणी न्यूट्रलचीच तार अर्थच्या पिनला जोडून देतो म्हणला तर त्याला घराबाहेर काढा, न्यूट्रल कुठं तुटली तर पूर्ण कॅबिनेटला २३० येतात आणि त्यात जीव जातो.

यूपीएसचा पण एक आवाज असतो. लाइट गेल्यावर साधे यूपीएस पायऱ्या-पायऱ्यांची लहर देतात, चांगल्या एसएमपीएसमधला ॲक्टिव्ह पीएफसीचा भाग त्यावर गुरगुरतो, काही मशीन तर त्या क्षणी बंदच पडतात. बॅटरीवर असतानाच गुरगुर येत असंल तर बिघाड नाही, फक्त त्या वेळी रेकॉर्डिंग नको. व्होल्टेज वर-खाली होताना यूपीएसमधून टक टक येते ती रिलेची, ती रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट येते, म्हणून यूपीएस टेबलापासून लांब ठेवा.

जागेचं राहिलं. मशीन कोपराजवळून काढून टेबलाखाली एका बुटक्या स्टुलावर ठेवा, जमिनीवर नको, झाडताना सगळी धूळ आत जाते. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत सहा डेसिबल कमी होतात, खोलीत भिंतींमुळं चार-पाच धरा. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात मात्र घालू नका, मागं पुढं वीतभर मोकळं पाहिजे. माइक तोंडापासून वीतभर, आणि माइकची पाठ मशीनकडं. माइक निम्म्या अंतरावर आणला की तुमचा आवाज सहा डेसिबलनं वाढतो आणि मशीनचा तेवढाच राहतो, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, एक रुपया लागत नाही.

या प्रकारची मशीन वर्ष-दोन वर्षं वापरल्यावर कशी राहतात ते पण विचारलंय तुम्ही. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एनव्हीएमई, यांची तक्रार क्वचितच येते, १२४०० तर मला फार आवडलेला प्रोसेसर आहे, डीटीपीला पुढची कित्येक वर्षं पुरेल. आधी जातात ते स्वस्त स्लीव्ह बेअरिंगचे फॅन, दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांचं तेल सुकतं आणि सकाळी चालू करताना खर्र करतात, मग गरम झाले की गप्प होतात. सकाळचा हा आवाज ऐकू आला की फॅन बदलायची वेळ झाली. दुसरं, समोरचे यूएसबी ढिले होतात. तिसरं, डब्यातल्या कूलरची पेस्ट दोन-तीन वर्षांत सुकते. आणि एसएमपीएस, त्याच्यावर ८० प्लसचं ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) तरी आहे का बघा, नसंल आणि नाव न ऐकलेल्या कंपनीचा असंल तर बाकी काही बदलायच्या आधी तो बदला, आवाजासाठी नाही, तो जाताना बोर्डाला घेऊन जातो म्हणून. बॉक्समधल्या इंटेल प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी असते, बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घेतला नसंल तर या आठवड्यात जाऊन लिहून आणा, नंतर कुणी देत नाही.

दुकानदाराशी भांडू नका, त्याच्याकडं आकडे घेऊन जा. बाजू उघडून आणि बंद करून घेतलेली सिनेबेंचची तापमानं, आणि समोरचे फॅन मोलेक्सवर असल्याचा फोटो, एवढं दाखवून कॅबिनेट जाळीवाली बदलून मागा आणि वरचा फरक द्यायची तयारी ठेवा, लाइटवाली काचेची कॅबिनेट त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळूनच जातं. तो नाही म्हणला तर आधी बायोसचा कर्व्ह आणि पॉवर लिमिट करा, डिस्क काढा, मशीन खाली ठेवा, यात पैसे लागत नाहीत. मग तोच फोन त्याच जागी ठेवून मोजा. आकडा ४० च्या आत आला आणि पीडीएफ काढताना फॅन पळाला नाही, तर टॉवर कूलर मार्चपर्यंत घेऊ नका, पैसे आधी अर्थिंगला लावा.